जलाशयाचे हवामान

(मार्गासनी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी शाळेतल्या मुलांना पर्जन्यमापक वाचायला आणि रोजचा पाऊस वहीत उतरवून ठेवायला शिकविले, असे निमंत्रण देतेवेळी आपल्या मंडळींनी मला सांगितले. ते ऐकल्यावर विषय शोधण्यासाठी मला दूर जावे लागले नाही. गोड्या पाण्याच्या जलाशयांवर गळ किंवा जाळे टाकणाऱ्या माणसाने ऋतू आणि हवा कशी ओळखावी, हा आजचा विषय आहे. वरवर पाहता तो फावल्या वेळच्या छंदाचा वाटेल, परंतु या तालुक्यांतील कित्येक कातकरी आणि भोई कुटुंबांची चूल त्यावर पेटते, म्हणून तो मी पूर्ण गांभीर्याने आपल्यासमोर मांडणार आहे.

मार्गासनीचे नाव घेतले की परगावच्या माणसाला येथून राजगडाकडे वळणारी वाट तेवढी आठवते. पण भोर आणि वेल्हे या मुलखाचा आजचा नकाशा उघडून पाहिला, तर डोंगरांच्या दोन रांगांमध्ये जिथे म्हणून खोरे आहे तिथे पाणी अडविलेले आहे, असेच दिसून येईल. कानंदीवर धानेपजवळ गुंजवणी धरण, दक्षिणेस वेळवंडीवर भाटघर, त्याच्याही पलीकडे नीरेवर नीरा-देवघर, उत्तरेस आंबी नदीवर पानशेत आणि मोसे नदीवर वरसगाव. यांपैकी भाटघर सर्वांत वडील. एकोणिसाव्या शतकात बांधलेले जुने धरण नीरेच्या कालव्यांना अपुरे पडू लागले, तेव्हा लॉइड धरण या नावाने मोठे काम हाती घेण्यात आले आणि १९२८ साली ते पुरे होऊन सुमारे साडेतेवीस अब्ज घनफुटांचा साठा भोर संस्थानच्या उंबऱ्याशी उभा राहिला. ज्या माशांनी हजारो वर्षे वाहत्या पाण्याचे कायदे पाळले, त्यांना एका-दोन पिढ्यांत उभ्या पाण्याचे कायदे शिकावे लागले. आणि ज्या माणसांनी नदीवर मासे धरण्याची विद्या बापजाद्यांकडून घेतली होती, त्यांनाही ती विद्या नव्याने तपासून घ्यावी लागली. आमच्या शहरी हौशी मंडळींनी मात्र ही तपासणी अद्याप केलेली नाही. ती आभाळाकडे पाहतात, वर्तमानपत्रातला अंदाज पाहतात, फार तर पंचांगात नक्षत्राचे वाहन पाहतात आणि निघतात. माझे म्हणणे असे की, माशाला आभाळ ठाऊक नाही; आभाळाने पाण्याचे जे केले असेल तेवढेच त्याला ठाऊक असते, आणि म्हणून हवामानाची परीक्षा पाण्यात करावी लागते.

याचे पहिले प्रत्यंतर आपल्याच खोऱ्यात मिळते. सह्याद्रीच्या कण्यावर, घिसर-दापसरेच्या बाजूला, आषाढात जो पाऊस कोसळतो त्याच्या मानाने नसरापूरकडे पडणारा पाऊस फारच थोडा. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा घाटमाथ्याला आपटून वर चढतो, थंड होतो, आपले ओझे तिथेच उतरवितो आणि पूर्वेकडे येईतो रिता होतो. पुण्याची वर्षाकाठची सरासरी अवघी सव्वासातशे मिलिमीटरच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तीस-चाळीस मैलांच्या अंतरात केवढी तफावत पडते याची कल्पना येईल. परिणाम असा होतो की मार्गासनीच्या बाजारात लख्ख ऊन पडलेले असताना नदीचे पाणी तांबडे होऊन चढू लागते, आणि उलटपक्षी येथे दिवसभर भुरभुर चालू असूनही धरणाच्या पाण्यात काडीचा फरक पडत नाही. तोरण्याचा माथा, जो समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटर उंच आहे, तो दोन-दोन दिवस ढगाबाहेर आलाच नाही, तर जलाशयाच्या वरच्या तोंडाशी काय चालले असेल हे समजण्यास दुसऱ्या साधनाची गरज नाही. डोक्यावरच्या ढगापेक्षा त्या माथ्याकडे लक्ष ठेवावे.

आता दाबाविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण गळवाल्या मंडळींत याइतका दृढमूल समज दुसरा नसेल. हवेचा दाब उतरला की मासा खातो, चढला की तोंड मिटतो, असे सांगणारे अनेक भेटतात आणि आता तर मनगटावरच्या घड्याळातही वायुभारमापक आलेला आहे. परंतु हिशेब करून पाहू. एक सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा भार सुमारे एक मिलिबार. आपल्याकडे हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो वर असतो आणि दुपारी चारच्या सुमारास खाली, आणि हा फरक तीन-चार मिलिबारांचा असतो. म्हणजे मासा तीन-चार सेंटिमीटर वर-खाली झाला की जेवढा फरक त्याला जाणवेल तेवढाच. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकून आपल्या जिल्ह्यावरून गेले. तसल्या वादळाच्या केंद्रातली घटही वीसेक मिलिबारांच्या आगेमागे, म्हणजे वीतभर पाणी! जो कटला दिवसातून कितीदा तरी दोन-दोन मीटर वर-खाली करतो, त्याला या वीतभर फरकाने उपोषण घडते, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. मग अनुभव खोटा काय? अनुभव खोटा नाही, त्याला दिलेले कारण चुकीचे आहे. दाब उतरतो तेव्हा मळभ येते, ऊन मावळते, वारा फिरतो, पाण्यावर लाट उठते, कडेचे कीटक आणि माती पाण्यात पडते. मासा काठाशी येतो तो या सगळ्यामुळे. दाब हा या लवाजम्यापुढचा चोपदार आहे, आणि चोपदाराला कोणी सरदार समजू नये.

याहून कितीतरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू. पाणी जितके तापेल तितकी वायू धरून ठेवण्याची त्याची ऐपत कमी होते; समुद्रसपाटीच्या हिशेबाने वीस अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तोच तीस अंशांवर साडेसातवर येतो. तशात वैशाखात जलाशयाचे दोन थर पडतात: वर तापलेले हलके पाणी आणि खाली गार, जड, हलता न हलणारे. खालच्या थरातला प्राणवायू तळाचा कुजका पाला खाऊन टाकतो आणि वरून नवा पुरवठा होत नाही. दिवसा हिरवे शेवाळ वरच्या थरात प्राणवायू सोडते, पण रात्रभर तेच शेवाळ श्वासासाठी तो परत घेते. म्हणून चोवीस तासांत पाणी सर्वांत दरिद्री असते ते पहाटे, सूर्योदयाच्या अगोदर, आणि त्यातही ढगाळ, निर्वात रात्र उलटून गेल्यावर.

भाटघरच्या पाणफुगवट्यावर एका वैशाखातल्या पहाटे मी एका वयोवृद्ध कातकरी गृहस्थांबरोबर उभा होतो. आदल्या संध्याकाळी वळीव झोडपून गेला होता, हवा गार झाली होती, वारा पडला होता, आणि मला तो दिवस मासेमारीला अत्यंत अनुकूल वाटत होता. त्यांनी बसायची रबरी ट्यूब पाण्यात लोटली नाही. कंडाळ जाळे खांद्यावर तसेच ठेवून ते गुडघाभर पाण्यात गेले, कोपरापर्यंत हात खाली घातला, ओंजळ भरून वर आणली आणि नाकाशी धरली. मग मलाही हुंगायला दिली. पाण्याला कुजक्या अंड्यासारखा मंद वास येत होता. कडेला चिलाप्यांची पिले तोंडे पाण्याच्या कातडीला लावून नुसती उघडझाप करीत होती. आमची सावली पडली तरी हटत नव्हती. "तळचं पानी वर आलंय, दादा," ते म्हणाले. "मासं दमल्यात. आज गावतील बी, पन जाळ्यातच मरून फुगतील. वारं सुटू द्या, परवा बघू." वळवाच्या गार पाण्याने आणि वादळी वाऱ्याने दोन थरांचा भेद मोडला होता आणि तळाचे निःसत्त्व पाणी वर येऊन मिसळले होते, ही गोष्ट जलशास्त्राच्या ग्रंथात मी वाचलेली होती, ती एका ओंजळीत ओळखता येते, हे मात्र कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते. वळवानंतरची सकाळ उत्तम, हा सरसकट नियम त्या दिवसापासून मी कोणाला सांगत नाही. पाण्याचा वास घेऊन मग काय ते ठरवा, एवढेच सांगतो.

वाऱ्यासंबंधी आपली खोरी मोठी सोयीची आहेत. भाटघरचा जलाशय डोंगरांच्या मधून लांबट पसरलेला आहे आणि त्याची भिंत पूर्वेच्या अंगाला आहे. त्यामुळे फाल्गुन-चैत्रातला दुपारचा पश्चिमेचा वारा पाण्याच्या लांबीवरून धावत येतो आणि वरचे उबदार पाणी, त्यावर तरंगणारे सूक्ष्म जीव आणि पाठोपाठ ते जीव खाणारा कटला यांना भिंतीच्या दिशेने लोटीत नेतो. वरच्या तोंडाशी याच्या उलट खालचे गार पाणी उसळून वर येते. म्हणून उन्हाळ्यात दुपारनंतर बसायचे तर वारा तोंडावर घेणारा काठ पाहावा. तिथे गैरसोय होते, दोरीचा तरंग लाटांत नीट दिसत नाही, पण मासा तिथेच असतो. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, ही त्यांची जुनी वाटणी. ही गंगेकडची मंडळी बीज सोडून येथे वसविलेली आहेत, हेही ध्यानात ठेवावे. चिलापी तर १९५२ साली परदेशातून या देशात आणली गेली आणि आज जलाशयांचे बिनभाड्याचे कूळ होऊन बसली आहे.

इथवर जे सांगितले ते मासा कसा सापडेल याविषयी. आता मृगाकडे येतो, आणि येथे माझा सूर थोडा बदलला तर क्षमा असावी.

मृग आणि आर्द्रा या दोन नक्षत्रांत, जमिनीने पहिले पाणी पिऊन झाल्यावर, ज्या दिवशी ओढा प्रथमच तांबडा होऊन जलाशयाला मिळतो, त्या दिवशी त्याच्या तोंडाशी जो प्रकार घडतो तो पाहिला नसेल असा माणूस या सभेत क्वचितच असेल. गढूळ, गार, वायूने भरलेल्या, मातीच्या गंधाच्या त्या पाण्याची वार्ता जलाशयातल्या माशांना लागते आणि मळ्या, शिंगटी, मरळ, वाम असे नाना जातींचे मासे प्रवाहाच्या विरुद्ध अंगाने वर चढू लागतात; दगडांवरून उड्या घेत, बोटभर पाण्यातून सरपटत, थेट भातखाचरांपर्यंत. हेच चढणीचे मासे. त्या रात्री कंदील आणि विजेऱ्या घेऊन अवघा गाव ओढ्यावर लोटतो. बांबूचे पिंजरे, पाग, काठ्या, कोयते, हाताला येईल ते साधन चालते, कारण त्या वेळी मासा धरायला कौशल्य लागतच नाही. ज्याला वर्षभर हवामान पाहावे लागते, पाण्याचा वास घ्यावा लागतो, त्याची सारी विद्या त्या एका रात्री निरुपयोगी होते, कारण मासा स्वतःच्या रक्षणाचा विचार सोडून एकाच हेतूने बाहेर पडलेला असतो. त्याच्या पोटात अंडी असतात. रोहू-कटल्यासारख्या माशाच्या मादीत किलोगणिक लाखांच्या घरात अंडी निघतात. वाहत्या पुराच्या पाण्याशिवाय ती सुटत नाहीत. तलावातल्या उभ्या पाण्यात या जातींची वीण होत नाही, म्हणून तर १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि अलीकुन्ही या शास्त्रज्ञांना पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून ती घडवून आणावी लागली, आणि त्या प्रयोगाच्या जोरावर आज देशभर बोटुकली तयार होते. जे काम करायला शास्त्राला इतके सायास पडले, ते निसर्ग दरवर्षी आपल्या ओढ्यावर फुकट करीत असतो आणि आपण कोयता घेऊन त्याच्या वाटेत उभे राहतो.

चढणीचा मासा खाणे ही येथली जुनी चाल आहे, गरिबाला वर्षातून तेवढेच पोटभर मिळते, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण नदी मोकळी होती तेव्हा वर चढलेल्या शंभरांतले पाच-दहा धरले तरी उरलेल्यांना जायला मैलोगणती पाणी होते. आज खाली धरणाची भिंत, वर बंधारे, आणि मध्ये दोनचार ओढ्यांची तोंडे एवढीच वाट शिल्लक आहे. तेवढ्या अरुंद वाटेवर सबंध गावाची जाळी लागली म्हणजे ते शिकार राहत नाही, बियाणे खाणे होते. आणि त्याचा पहिला फटका बसतो तो त्याच कातकऱ्याला, ज्याच्या नावाने आपण या चालीचा कैवार घेतो.

श्रावणाची झड ओसरल्यावर भाद्रपदात पाणी नितळू लागते. तांबडेपणा जाऊन हिरवट झाक येते, काठावर नवे गवत बुडालेले असते आणि त्यात चरण्यासाठी मासा कडेला येतो. हस्ताच्या गडगडाटी पावसाची दुपार सोडली तर दिवाळीपर्यंतचा हा काळ सर्वांत भरवशाचा. त्या दुपारी मात्र मोकळ्या पाण्यावर उंच काठी धरून बसू नये, कारण वीज सपाट पाण्यावर उंच वस्तू शोधते, आणि दरवर्षी अशा बातम्या आपण वाचतो. पौष-माघात पाणी निवते, मासा सुस्तावतो; त्या दिवसांत पहाटे उठून कुडकुडत बसण्याला काही अर्थ नाही, ऊन चढून उथळ पाणी कोमट होईतो घरी थांबावे.

पुढे उन्हाळ्यात मासा जागा बदलण्यास एक कारण असे लागू होते की ज्याचा आभाळाशी संबंधच नाही. कालव्यांना आवर्तन सुटले की जलाशयाची पातळी उतरू लागते. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. वैशाख-ज्येष्ठात तर वेळवंडीच्या पात्रातले कांबऱ्याचे कांबरेश्वराचे देऊळ, जे वर्षाचे बहुतेक महिने पाण्याखाली असते, ते कोरडे होऊन दर्शनाला खुले होते. काल जिथे मासा होता तिथे आज चिखल असतो. अशा वेळी वेधशाळेच्या अंदाजापेक्षा पाटबंधारे खात्याचे पाणीपत्रक अधिक उपयोगी पडते, आणि पावसाळ्यात दरवाजे उघडण्याचा इशारा आला असेल तर धरणाच्या खालच्या अंगाला नदीत पाऊल न टाकणे हे तर साधे शहाणपण आहे.

वेधशाळेचा उल्लेख आला म्हणून सांगतो. हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे मुख्य दप्तर १९२८ साली शिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात. भाटघर आणि ते दप्तर एकाच वर्षीचे. तिथून निघणारा अंदाज आज पूर्वीपेक्षा पुष्कळ अचूक असतो आणि त्याची टवाळी करणे मला पसंत नाही; पण जिल्ह्याचा अंदाज हा जिल्ह्याचा असतो, तो कानंदीच्या एखाद्या ओढ्याचे भविष्य वर्तवीत नाही. नक्षत्रांची गोष्टही तशीच. शेतकऱ्याने सूर्यनक्षत्रांवर बसविलेले पावसाचे कोष्टक सुंदर आहे, परंतु निरयन पंचांग ऋतूंच्या मानाने सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. शिवकाळातला मृग आजच्या मृगापेक्षा चार-पाच दिवस अलीकडे निघत असे. तेव्हा दोन्हींना मान द्यावा, पण त्यांच्या जोडीला आपल्या गावची, आपल्या पाण्याची नोंद हवी. ती कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही.

अशा नोंदीची परंपरा आपल्याकडे नव्हती असे नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना द्यावयाची आमिषे, गळ आणि दोरी यांचे विवेचन एका राजाने त्यात केले आहे, आणि सुंदरलाल होरा यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात त्याची दखल घेतली. पुढे कंपनी सरकारच्या नोकरीतील कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतले मासे पाहून १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. दख्खनच्या महसीरला त्यांनी दिलेले नाव आजही शास्त्रात चालू आहे. तोच महसीर धरणांमुळे आणि सुरुंगांमुळे इतका विरळ झाला की लोणावळ्याला वळवण येथे टाटांच्या केंद्रात त्याची पिले वाढवून नद्यांत सोडण्याची वेळ आली.

पण घाट उतरून महाड तालुक्यात गेलात तर काळ नदीवर वाळणकोंड म्हणून एक डोह आहे. तिथे वरदायिनी देवीच्या नावाने मासा धरीत नाहीत, आणि त्या डोहात हातभर लांबीचे महसीर भाविकांनी टाकलेले चुरमुरे खायला काठाशी येतात. तिथे पहारेकरी लागत नाही आणि दंडाची पावतीही फाडावी लागत नाही. गावाने एकदा ठरविले आणि पिढ्यान्‌पिढ्या ते पाळले.

तेव्हा या सभेपुढे दोन विनंत्या ठेवतो. गुरुजींनी सुरू केलेल्या पावसाच्या वहीला आणखी चार रकाने जोडावेत: सकाळचे पाण्याचे तापमान, पाण्याचा रंग, धरणाची पातळी, आणि ओढा प्रथम तांबडा झाला ती तारीख. हे काम शाळेतली मुले करतील, त्याला खर्च नाही. मात्र ज्यांना पाणी ओळखता येते त्या कातकरी वडीलधाऱ्यांना महिन्यातून एकदा शाळेत बोलावून, खुर्ची देऊन, त्यांचे निरीक्षण त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. आणि दुसरी विनंती अशी की, मच्छीमार सहकारी संस्था आणि ग्रामसभा यांनी एकत्र बसून एवढा ठराव करावा की ओढा प्रथम तांबडा झाल्या दिवसापासून पंधरा दिवस कोणत्याही ओढ्याच्या तोंडाशी जाळे, पिंजरा किंवा कोयता दिसणार नाही, आणि त्या पंधरवड्यात ज्या घरांची चूल अडेल त्यांना संस्थेच्या गंगाजळीतून धान्य द्यावे. मृगाला अद्याप अवकाश आहे. ठराव पुढच्या ग्रामसभेतच व्हावा.